परदेशातली पहिली मॅरेथॉन कुठली पळावी?

सातारकर: यवतेश्वरच्या घाटात पळून पाय तयार झालेत. आता एकदा परदेशात ४२.१९५ किमी पळायचंय. सगळे बर्लिन म्हणतात, पण लॉटरीत नंबर लागेना. दुसरं काय सुचवाल?

पुणेरी धावपटू: टायमिंग हवं असेल तर बर्लिनच. सपाट रस्ता, सप्टेंबरची थंड हवा. केनियाच्या किपचोगेने २०२२ मध्ये २:०१:०९ (तास:मिनिटं:सेकंद) तिथेच काढले. पुन्हा नाव टाका.

मीनल: दादा, घाटात पळणाऱ्याने अथेन्स पळावी! नोव्हेंबरमध्ये असते. सुरुवात खुद्द मॅरेथॉन गावातून. थोड्याच वेळात इ.स.पू. ४९० च्या लढाईत पडलेल्या अथेन्सच्या सैनिकांच्या समाधीला वळसा घालतो, तिथे माझ्या अंगावर काटा आला. वाटेत गावातल्या आज्या ऑलिव्हच्या डहाळ्या हातात देतात. मी टोपीत खोचून पळाले. साधारण दहाव्या किलोमीटरपासून चढ लागतो, तो थेट एकतिसाव्यापर्यंत. मधले छोटे उतार बघून वेग वाढवू नका. चढ घाटाइतका खडा नाही, पण संपता संपत नाही. पुढे उतार, आणि शेवट संगमरवरी पानाथिनाइको स्टेडियमात. १८९६ च्या ऑलिंपिकची मॅरेथॉन स्पिरिडॉन लुईसने तिथेच जिंकली होती.

सातारकर: ताई, ठरलं! तयारीत काय वाढवू?

मीनल: उताराचा सराव. शेवटच्या दहा-अकरा किलोमीटरमध्ये मांड्या भरून येतात. आणि शेंगेन व्हिसाची (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा व्हिसा) अपॉइंटमेंट लवकर घ्या, ऐनवेळी मिळत नाही.