मदत हवी आहे: रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक घ्यायची आहे. बारा बोअर, .३१५ की आणखी काही?

शिवार_हिंगोली

राम राम मंडळी. शेत कयाधू नदीकाठी, नऊ एकर. खरिपाला सोयाबीन-तूर, रब्बीला हरभरा, उन्हाळ्यात दोन एकर भुईमूग. डुकरांचा कळप शिरला की एका रात्रीत वाफेच्या वाफे उकरून टाकायलेत. कुंपणाच्या तारेला झटका मशीन बसवलेलं आहे, पण नाल्याच्या अंगानं तारेखालची माती उकरून आत येतात.

वनविभागाकडं अर्ज करायचाय आणि शस्त्र परवान्यासाठीही कागद जमवतोय. मेव्हणा टेक्सासला असतो. त्यानं कोयोटसाठी (तिकडचा कोल्ह्या-लांडग्यासारखा प्राणी) .२२-२५० ची कस्टम रायफल बांधून घेतली. तो म्हणतो, आधी काडतूस ठरवा, मग नळी, मग बाकीचं. म्हणून विचारतो:

१. तसलं काही इथं बांधून मिळतं का?
२. नसेल तर बारा बोअर, .३१५ आणि थर्टी-ओ-सिक्स यातलं काय घ्यावं?
३. .२२ वर भागेल का? काडतूस स्वस्त पडतं म्हणतात.

आखाड्याजवळच्या (शेतातल्या घराजवळच्या) मचाणापासून नाला ८०-९० मीटरवर आहे. शिवार सपाट. पलीकडं दोन आखाडे, आणि रात्रपाळीची लाईट असली की शेजारी हरभऱ्याला पाणी द्यायला रानात असतात.

कलम_वाचक

दादा, काडतुसाच्या आधी कायदा बघा, कारण निम्मी निवड तोच करून देतो.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३(३) वाचा. किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, आणि ठासणीची बंदूक पीक संरक्षणासाठी, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. ठासणीची पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर पिकासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. बारा बोअर ही गुळगुळीत नळीचीच, म्हणजे पीक संरक्षण हे कारण लिहून ती मागितली तर अर्ज कलमाला धरून आहे. .३१५ किंवा थर्टी-ओ-सिक्स रायफल मागाल तर ती का लागते हे वेगळं पटवून द्यावं लागेल. याच कलमात .२२ रायफलचा उल्लेख आहे तो रायफल क्लबच्या सदस्याला निशाण्याच्या सरावासाठी, शेतासाठी नाही.

कस्टम विसरा. नळी बदलणं, कॅलिबर बदलणं, नळी आखूड करणं, घरी काडतूस भरणं, हे सगळं परवान्याशिवाय गुन्ह्यात मोडतं. सायलेन्सरचंही तेच. सामान्य माणसाला परदेशी शस्त्र आणायची वाट १९८० च्या दशकातच बंद झाली. .३०३ प्रतिबंधित बोअरमध्ये येते, ती जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या परवान्यावर मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं, आणि परवान्याची मुदत पाच वर्षं.

शस्त्राचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे, ही गोष्ट पक्की धरा. ती वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली वनविभागाकडून वेगळी आणि लेखी घ्यावी लागते. अर्ज आरएफओ म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्या. त्यात प्राणी, गट नंबर, मुदत आणि गोळी घालणाऱ्याचं नाव नीट लिहून घ्या. रानडुकराच्या परवानगीवर रोही (नीलगाय) चालत नाही, आणि काळवीट तर अनुसूची एकमध्ये आहे. मेलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता. ते जागेवरून हलवायचं नाही, वाटायचं नाही, लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यायचा. पीक नुकसानीच्या भरपाईचा अर्ज वेगळा, तो तीन दिवसांच्या आत द्या.

दुनाळी

ताईंनी कायद्याचं सांगितलं, मी काडतुसांकडं वळतो.

मेव्हण्याचं तत्त्व बरोबर आहे, पण त्याचं काडतूस वेगळ्या कामाचं. .२२-२५० ची ५५ ग्रेनची म्हणजे साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला ११०० मीटरच्या वर जाते. .२२३ ची तेवढ्याच वजनाची गोळी ९९० च्या आसपास. .२०४ रुगर तर ३२ ग्रेनच्या गोळीला १२८० च्या घरात नेते. पातळ आवरणाच्या या गोळ्या लागताक्षणी फुटाव्यात अशाच केलेल्या असतात. दहा-पंधरा किलोच्या कोयोटवर त्या खात्रीनं काम करतात. मातीत पडल्या तरी फुटून जातात, उसळायचा धोका कमी. सपाट रानाला हा गुण फार चांगला. पण रानडुकराच्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट चामडीची ढाल असते. असली गोळी तिथं वरच्यावर फुटते आणि जनावर जखमी होऊन पळतं.

आता इथं मिळणारं बघू.

.२२: चाळीस ग्रेनची शिशाची गोळी, ऊर्जा जेमतेम १४० ज्यूल. डुकराला अजिबात पुरत नाही. वर ती दगडावरून, ओल्या मातीवरूनही उसळते आणि दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. स्वस्त आहे म्हणून घेऊच नका.

.३१५: मूळ ८ बाय ५० मॅनलिचरच्या घराण्यातलं जुनं काडतूस. गोळी २४४ ग्रेनची, मऊ टोकाची, वेग सहाशे मीटरच्या थोडा वर, ऊर्जा तीन हजार ज्यूलच्या आसपास. जड, सावकाश आणि खोल जाणारी गोळी. डुकरासाठी ताकद भरपूर, आणि काडतूस देशातच, खडकीच्या कारखान्यात होतं.

थर्टी-ओ-सिक्स: १८० ग्रेन, सेकंदाला ८२० मीटर, चार हजार ज्यूलला टेकलेली. हवेत वर गेलेली गोळी चार किलोमीटरच्या पुढे पडते. आखाड्यांच्या शिवारात ही नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे.

बारा बोअर एलजी (मोठ्या छऱ्यांचं काडतूस): काडतुसात सहा दाणे, एकेक साडेचार ग्रॅमच्या आसपास. नळीतून निघताना एकेका दाण्यात तीनेकशे ज्यूल. एसजीत आठ-नऊ दाणे, पण लहान. डुकराला एलजीच. मर्यादा पंचवीस, फार तर तीस मीटर. त्यापुढं दाणे फाकतात, एखाद-दुसराच लागतो.

जुना_नेमबाज

शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. एलजीनं जखमी झालेली डुकरं ज्वारीत नाहीतर उसात शिरतात आणि दुसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या माणसावर येतात. एका जनावराला एक नीट गोळी हाच माणुसकीचा मार्ग, आणि तो .३१५ देते. परवाना मिळत असेल तर रायफलच घ्यावी.

.३१५ शंभर मीटरला झिरो केली, म्हणजे तिथं नेम तंतोतंत जुळवला, तर पन्नासला तीन सेंटिमीटर वर लागते आणि दीडशेला चौदा-पंधरा सेंटिमीटर खाली. डुकराचं मर्म वीस सेंटिमीटरचं धरलं तर ऐंशी-नव्वद मीटरला नेम हलवायची गरजच नाही. नेम मात्र खाली धरा. पाठीवरच्या उभ्या केसांमुळं डुक्कर आहे त्यापेक्षा उंच दिसतं आणि गोळी वरून जाते. काळीज पुढच्या पायाच्या मागं, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात असतं.

गोदाकाठ

नेमबाज काका, झिरोचा हिशेब बरोबर आहे. पण धागाकर्त्याच्या शिवारात अंतर ठरवते ती गोळीमागची जमीन. तो हिशेब मांडतो.

समजा माणूस जमिनीवर बसलाय, नळी एक मीटर उंचीवर, डुक्कर २५ मीटरवर, गोळी जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंचीवर लागून आरपार गेली. ती जनावराच्या मागं आणखी १६-१७ मीटर गेल्यावर जमिनीला टेकते, कोन दीड अंशाचाही नाही. एवढ्या उताराची गोळी काळ्या मातीत रुतत नाही, पाण्यावर फेकलेल्या चकतीसारखी उसळते. बांधावर बसाल्टचा धोंडा असेल तर कुठल्या दिशेला जाईल ते सांगता येत नाही.

आता मचाण घ्या. नळी पाच मीटर उंचीवर, डुक्कर त्याच २५ मीटरवर. गोळी जनावराच्या मागं सव्वादोन मीटरवर जमिनीत जाते, कोन दहा अंशांहून जास्त. नांगरलेल्या रानात ती तिथंच राहण्याची शक्यता खूप वाढते.

त्याच मचाणावरून ८५ मीटरवर मारलं तर? कोन परत तीन अंशांवर येतो आणि गोळी सात-आठ मीटर मागं टेकते. मचाणाचा सगळा फायदा गेला. म्हणजे .३१५ ची जी लांब पल्ल्याची बाजू आहे ती सपाट शिवारात वापरताच येत नाही. पलीकडं आखाडे आहेत आणि लाईट रात्री दोनला आली तर शेजारी दोनला रानात असणार. नाल्याचा काठ दोन-अडीच मीटर उभा असेल आणि डुक्कर काठाच्या अलीकडं, खालच्या अंगाला असेल तरच रायफलला मागं भिंत मिळते.

म्हणून माझं उत्तर: बारा बोअर, आणि मचाण आखाड्याजवळून उचलून नाल्यातून वर येणाऱ्या वाटेपासून २०-२५ मीटरवर न्या. वारा डुकराकडून मचाणाकडं यायला हवा. त्यांचं नाक डोळ्यांपेक्षा कितीतरी तिखट. एलजीचा चुकलेला दाणाही सातशे मीटरपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा बारा बोअर आहे म्हणून आखाड्याच्या दिशेला मारायचं, असं होत नाही. जागलीला बसायच्या आधी शेजाऱ्यांना फोन करून कोण कुठल्या गटात पाणी देतंय ते रोज विचारा.

जुना_नेमबाज

कोनाचा मुद्दा मान्य. मागं उभा काठ नसेल तर रायफल नको. मात्र एलजीला पंचवीस मीटर म्हणजे पंचवीसच. तिथं खुंटी ठोकून पांढरं फडकं बांधा, अंधारात अंतर दुप्पट चुकतं.

शिवार_हिंगोली

सगळ्यांचे आभार. काठ उभा नाही, उतरता आहे, तेव्हा बारा बोअरच. ओळखीत एक जुनी विलायती दुनाळी विकायला आहे. परवाना झाला की घेऊ शकतो. बघताना काय तपासू?

दुनाळी

पहिलं चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं तो भाग. जुन्या विलायती बंदुकांचं चेंबर बहुधा अडीच इंची म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. नळ्यांच्या खालच्या सपाट अंगावर तसा छाप दिसतो. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात बसतं, बंदूक बंदही होते, म्हणूनच लोक फसतात. काडतुसावर लिहिलेली लांबी उडाल्यानंतरची, तोंड उघडलेल्या पुंगळीची असते. चेंबर आखूड असेल तर ते तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. जुन्या नळीला तो झेपेलच असं नाही. छाप वाचता येत नसेल तर परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून गेजनं मोजून घ्या.

मग नळ्या काढून एका दोरीला टांगा आणि लाकडानं हलकं टिचकवा. घंटेसारखा नाद राहिला तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचा झाळ शाबूत. भद्द आवाज आला तर कुठंतरी सुटलाय. पुढची लाकडी पकड काढून बंदूक जोडा आणि मूठ धरून हलवा. बिजागरीत खडखड जाणवली तर सोडून द्या. उजेडाकडं धरून नळीत बघा. सावलीच्या गोल रेषा सरळ दिसल्या पाहिजेत, तुटक दिसली की पोचा आहे. चेंबरच्या पुढच्या बोटभर भागात गंजाचे खड्डे असतील तर घेऊच नका.

घेतल्यावर वनविभागाच्या परवानगीआधी कागदावर चाचणी करा, तीही परवानगीच्या रेंजवरच. २५ मीटरवर मोठा कागद, मध्ये २० सेंटिमीटरचं वर्तुळ. दोन्ही नळ्यांनी तीन-तीन काडतुसं. दर काडतुसाच्या सहापैकी किमान चार दाणे वर्तुळात यायला हवेत. येत नसतील तर अंतर वीसवर आणा. फुल चोकमध्ये, म्हणजे तोंडाशी जास्त आवळलेल्या नळीत, एलजी हमखास दाट बसतात असं नाही, मोठे दाणे एकमेकांवर दाबले जाऊन वेडेवाकडे जातात. बऱ्याच दुनाळ्यांत कमी चोकची उजवी नळीच बरी ठरते. आणि एकगोळी काडतूस फुल चोकमधून मारू नका.

काडतुसं पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, बंदुकीपासून वेगळी आणि कुलपात. खटका दाबून आवाज आला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबा, मगच उघडा. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय दुसरं काडतूस घालू नका, दारू आणि दाण्यांमधला डाट अडकलेला असू शकतो.

कलम_वाचक

एक राहिलं. निवडणुकीच्या आचारसंहितेत परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. ते दिवस नेमके हरभऱ्याच्या घाट्यावर आले तर हाताशी बंदूक नसेल, तेव्हा कुंपणावरचं लक्ष काढू नका. कंटाळून बांधाला सरळ लाईनचा करंट सोडू नका, त्यात माणसं मेली आहेत.

गोदाकाठ

बॅटरीबद्दलही सांगतो. डुकराच्या डोळ्यांना गाय, कुत्रा, हरणासारखी चमक नसते, कारण उजेड परत फेकणारा पडदाच त्यांच्या डोळ्यात नसतो. बॅटरीच्या उजेडात डोळे हिरवे-पिवळे लखलखले तर ते डुक्कर नाही असं समजून बोट खटक्यापासून लांब ठेवा. कुणाचं तरी वासरू किंवा कुत्रं असेल, नाहीतर काळवीट. पूर्ण अंग, सोंड आणि मागची जमीन दिसल्याशिवाय काही करायचं नाही.

आणि नाल्याकडच्या झटका तारेचं: सगळ्यात खालची तार जमिनीपासून १५-२० सेंटिमीटरवर, दुसरी ४० वर. खालची तार वर राहिली की डुक्कर नाकानं माती सारत खालून जातं, तुमच्याकडं तेच होतंय. तारेला गवत टेकू देऊ नका, झटका तिथंच गळतो. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग मिळत नाही आणि मशीन टकटक करत असलं तरी जनावराला काही लागत नाही. अर्थिंगचे तीन रॉड, एकमेकांपासून तीन मीटरवर, ओल टिकते तिथं म्हणजे विहिरीच्या किंवा पाटाच्या कडेला ठोका. नाल्याच्या तेवढ्या तुकड्याला एक तार थेट अर्थिंगला जोडून झटक्याच्या तारेच्या जोडीनं ओढा. दोन्हीला एकदम नाक लागलं की कोरड्या मातीतही झटका बसतो.

शिवार_हिंगोली

खालची तार मोजली, ३५ सेंटिमीटरवर आहे. उद्या उतरवतो. रॉड एकच होता, तोही मुरमात. मचाणाची नवी जागा ठरली की वाटेपासूनचं अंतर आणि वाऱ्याची दिशा इथं टाकतो.