अमेरिकेतील राज्यांच्या आमदारांवर कार्यकाळाची मर्यादा: अनुभव काय सांगतो?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. आमच्या शाळेत दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी वादविवाद स्पर्धा होणार असून ‘एकाच व्यक्तीला दोनपेक्षा अधिक वेळा आमदार होता येऊ नये’ हा विषय ठरला आहे. तयारी करताना मुले हमखास अमेरिकेचा दाखला देतात, परंतु त्यांच्या मनात असते ती तेथील राष्ट्राध्यक्षांवरची मर्यादा. आपल्या विषयाशी खरे साम्य आहे ते तेथील राज्यांच्या विधिमंडळांचे. तिथे सदस्यांचा कार्यकाळ किती वर्षांचा असतो, किती वेळा निवडून येता येते आणि अशा मर्यादेमुळे कारभार सुधारला का, हे जाणकारांनी सांगावे. मर्यादा असावी असे मला स्वतःला वाटते, पण मुलांसमोर दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडायच्या आहेत.

उत्तर १ (नेरूळ)

ताई, विषय फार चांगला निवडला आहे. मी राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचे संविधान वेगळे असल्याने सरसकट एक नियम सांगता येत नाही. बहुतेक राज्यांत कनिष्ठ सभागृहाचा कार्यकाळ दोन वर्षांचा आणि वरिष्ठ सभागृहाचा चार वर्षांचा असतो, तर काही राज्यांत वरिष्ठ सभागृहाची निवडणूकही दर दोन वर्षांनी होते. नेब्रास्कामध्ये एकच सभागृह असून त्यात ४९ सदस्य आहेत आणि त्यांचा कार्यकाळ चार वर्षांचा आहे.

किती वेळा निवडून यावे यावर बंधन घालण्याची लाट १९९० मध्ये ओक्लाहोमा, कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडो या राज्यांतून सुरू झाली. आज १६ राज्यांत अशी मर्यादा आहे. त्यांपैकी बहुतेक ठिकाणी ती आमदारांनी स्वतःहून स्वीकारलेली नाही. नागरिकांनी सह्या गोळा करून प्रस्ताव थेट मतदानाला आणला आणि तो मंजूर करून घेतला. न्यूयॉर्क किंवा टेक्साससारख्या, जिथे नागरिकांना असा प्रस्ताव आणता येत नाही अशा राज्यांत मर्यादा नाही, यावरून बरेच काही लक्षात यावे. आयडाहो आणि युटा या राज्यांत पुढे विधिमंडळानेच ती रद्द केली, तर मॅसॅच्युसेट्स, ओरेगॉन, वॉशिंग्टन आणि वायोमिंगमध्ये न्यायालयांनी ती अवैध ठरवली.

आता परिणामांकडे येतो. कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये कनिष्ठ सभागृहासाठी सहा आणि वरिष्ठ सभागृहासाठी आठ वर्षांची आजीवन मर्यादा घातली आणि त्याच प्रस्तावाने विधिमंडळाच्या खर्चातही मोठी कपात केली, त्यामुळे अनुभवी सदस्यांच्या आधीच अनुभवी कर्मचारी बाहेर पडले. मिशिगनने १९९२ मध्ये साधारण अशीच मर्यादा स्वीकारली आणि १९९८ मध्ये ती प्रत्यक्ष लागू झाली तेव्हा कनिष्ठ सभागृहातील निम्म्याहून अधिक सदस्यांना पुन्हा उभे राहता आले नाही. अर्थसंकल्पातील तरतुदी कशा वाचाव्यात, खात्यांच्या सचिवांना नेमके काय विचारावे, हे ज्यांना ठाऊक होते ते एकाच वेळी गेले. ती जागा नव्या आमदारांनी भरून काढली असे झाले नाही. राज्यपाल, त्यांचे प्रशासन आणि उद्योगसमूहांच्या बाजूने आमदारांचे मन वळवण्याचे काम करणारे लॉबिस्ट यांचे वजन वाढले. वेन स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मिशिगनचा दीर्घकाळ अभ्यास करून हेच निरीक्षण नोंदवले आहे.

म्हणून दोन्ही राज्यांनी नियम बदलला. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये आणि मिशिगनमध्ये २०२२ मध्ये मतदारांनी दोन्ही सभागृहे मिळून एकूण १२ वर्षांची मर्यादा मान्य केली आणि ती सगळी वर्षे एकाच सभागृहात घालवण्याची मुभा दिली. मर्यादा मोडीत काढली नाही, ही बाब मुलांनी आवर्जून सांगावी.

आणखी एक मुद्दा नेहमी सुटतो. कॅलिफोर्नियाच्या कनिष्ठ सभागृहातील १२ वर्षांत सदस्याला सहा वेळा मतदारांसमोर जावे लागते. आपल्याकडे दोन वेळा आमदार झालेला माणूस दहा वर्षांत केवळ दोनदाच जातो. कार्यकाळाची लांबी बाजूला ठेवून केवळ संख्येची तुलना केली, तर निष्कर्ष चुकतो.

उत्तर २ (कोपरखैरणे)

सरांची माहिती उत्तम आहे, तरी दुसरी बाजू मला ठामपणे मांडायची आहे, कारण मी एका नागरी सहकारी बँकेत नोकरी करतो आणि मर्यादेचा नियम आमच्या क्षेत्रात लागू आहे. बँकिंग नियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर सहकारी बँकेच्या संचालकाला सलग आठ वर्षांपेक्षा अधिक काळ पदावर राहता येत नव्हते; २०२५ पासून ही मुदत दहा वर्षांची झाली. ‘अनुभवी माणसे गेली तर संस्था बुडेल’ असे तेव्हाही म्हटले गेले. अनुभव महत्त्वाचा आहेच, परंतु तो एकाच खुर्चीत साठवून ठेवला की पुढची फळी तयारच होत नाही, हेही तितकेच खरे आहे.

विद्यमान सदस्याला हरवणे अमेरिकेत अतिशय अवघड असते, कारण त्याच्याकडे निधी, ओळख आणि मतदारसंघाची यंत्रणा असते. मर्यादेमुळे जागा मोकळ्या होतात आणि एरवी ज्यांना उमेदवारीच मिळाली नसती अशांना संधी मिळते. महिलांची संख्या मात्र त्यामुळे अपेक्षेप्रमाणे वाढली नाही, हे मान्य केले पाहिजे.

पुन्हा प्रश्नकर्ती (नौपाडा, ठाणे)

दोघांचेही मनापासून आभार. महानगरपालिकांत प्रभागांचे आरक्षण सोडतीने बदलते, त्यामुळे अनेक नगरसेवकांना आपला प्रभाग सोडावा लागतो. ही एक प्रकारची मर्यादाच नव्हे का? आणि महाराष्ट्र विधानसभेला स्वतः कायदा करून आमदारांवर अशी मर्यादा घालता येईल का?

उत्तर ३ (नेरूळ)

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर अंशतः होय असे आहे, आणि त्यातूनच मर्यादेची उणीवही दिसते: प्रभाग महिलांसाठी राखीव झाला की कितीतरी ठिकाणी त्याच घरातील पत्नी किंवा सून उमेदवार होते. नाव बदलते, पण सत्ता त्याच घरात राहते. लोकप्रतिनिधी दूर झाले की अधिकार कोणाकडे जातात, हेही आपल्याला परके नाही. नवी मुंबई महानगरपालिकेतील सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला; त्या काळात आमच्या प्रभागातील पाण्याच्या किंवा उद्यानाच्या तक्रारीचा जाब सभागृहात विचारणारे कोणी नव्हते. तिथे सभागृहच रिकामे होते, मिशिगनमध्ये ते अननुभवी होते; पण निर्णय प्रशासनाकडे सरकणे दोन्हीकडे घडले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. आमदारकीच्या पात्रतेच्या अटी संविधानाच्या अनुच्छेद १७३ मध्ये असून त्यात भर घालण्याचा अधिकार संसदेला आहे, राज्य विधिमंडळाला नाही. अमेरिकेत याला समांतर प्रश्न काँग्रेसच्या, म्हणजे तेथील राष्ट्रीय संसदेच्या, सदस्यांबाबत उद्भवला. आर्कान्सा राज्याने त्यांच्यावरही मर्यादा घातली, तेव्हा १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द केली, कारण संघराज्याच्या संविधानातील पात्रतेत राज्याला स्वतःची अट जोडता येत नाही. म्हणून तेथील मर्यादा राज्यांच्या स्वतःच्या आमदारांपुरती उरली.

उत्तर ४ (कोपरखैरणे)

सरांच्या घराणेशाहीच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, मात्र तो मर्यादेचा दोष नसून पक्षांतर्गत उमेदवारी देण्याच्या पद्धतीचा आहे. ताई, स्पर्धेच्या विषयात ‘सलग’ हा शब्द घालायचा की नाही, हे आधी ठरवावे. कॅलिफोर्नियात आणि मिशिगनमध्ये मर्यादा आजीवन आहे. नेब्रास्कात सलग दोन कार्यकाळांनंतर चार वर्षे थांबून पुन्हा उभे राहता येते, आणि अर्नी चेंबर्स हे ज्येष्ठ सदस्य तसे परत निवडूनही आले. मुलांच्या दोन गटांनी दोन वेगळे नियम गृहीत धरले, तर वाद एकाच विषयावर होणार नाही.