रविवारी आठवड्याची तयारी: सुरुवात कुठून?

ऐरोलीकर: दोघंही नोकरीला, सकाळी सातची ठाणे लोकल. रविवारच्या दोन तासांत काय काय करून ठेवावं? ओल्या नारळाचं वाटण बुधवारपर्यंत आंबतं, ते का?

खमंग: पाणी घालून वाटलेला ओला नारळ फ्रिजमध्ये दोन दिवसच. बर्फाच्या ट्रेत गोठवा, भाजीला तीन वड्या पुरतात. पूर्ण भाज्या शिजवून ठेवू नका, अर्धी तयारी करा. १ किलो कांदा तांबूस परता, मग अर्धा किलो टोमॅटो, कडेने तेल सुटेपर्यंत. घाईत इथेच चुकतं, पाणी राहिलं की मसाला आंबतो. गार झाल्यावरच झाकण लावा, नाहीतर वाफेचं पाणी आत टपकतं. तीन दिवसांचा फ्रिजमध्ये, उरलेला फ्रीझरमध्ये.

वाशी_मंडई: कोथिंबीर धुवू नका, पावसाळ्यात तर नाहीच. मुळं कापा, पिवळी पानं काढा, कोरड्या कागदात गुंडाळा. गवार, फरसबी चिरून ठेवा. भेंडी मात्र आयत्या वेळी, तार सुटते.

मोडाची_उसळ: मटकी रविवारी सकाळी भिजवा, रात्री फडक्यात बांधा, सोमवारी संध्याकाळी मोड. कणीक जास्तीत जास्त दोन दिवसांची, वरून तेलाचा हात. पुढे काळी पडते.

ऐरोलीकर: मीठ कणकेत आधी की नंतर?

मोडाची_उसळ: मळतानाच.