‘डिजिटल डिव्हाइड’ला मराठीत काय म्हणायचं? दरी, दुफळी की आणखी काही?

रामबागवाली (इंदूर): गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी एका हिंदी लेखाचं मराठी करतेय. विषय असा की इंटरनेट कुणाला मिळतं, कुणाला नाही, आणि त्यामुळे काय काय हातचं जातं. मूळ लेखात ‘डिजिटल खाई’ आहे. मी ‘खाई’च ठेवलं, तर आईने खोडलं. म्हणे, मराठीत खाईत लोटतात, कर्जाच्या नाहीतर युद्धाच्या. पेपरात ‘दरी’ वाचलंय, एकाने ‘दुफळी’ सुचवलं. काय ठेवू?

सुदामानगर: दुफळी नको. दुफळी माजते ती आधी एकत्र असलेल्यांत. ज्याच्या घरी नेट आलंच नाही, तो कुणाशी भांडला? ‘तफावत’ आकड्यांसाठी चांगला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ३३ टक्के आणि पुरुषांपैकी ५७ टक्के जणांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं. ही तफावत. बाकी लेखात दरी ठेव, रुळलेला शब्द आहे.

लोकमान्यनगरचे काका: रुळलाय म्हणूनच खटकतो. दरी पाण्याने कोरली जाते, तिचा जाब कुणाला विचारणार? १ मे २०२१पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना कोविडची लस खुली झाली, पण नाव नोंदवायचं तर पोर्टलवरच. फोन नाही, तर नंबर नाही. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला नेमकं हेच विचारलं, की ज्यांच्याकडे नेट नाही त्यांनी काय करायचं? तो नियम काही डोंगरातून आला नव्हता. ‘खंदक’ लिही. किल्ल्याभोवती मुद्दाम खणतात तो.

रामबागवाली: काका, ‘डिजिटल खंदक’ छापलं तर लोकांना दिवाळीच्या किल्ले स्पर्धेची जाहिरात वाटेल!

धारची माहेरवाशीण: काकांचा मुद्दा पटतो, शब्द नाही. खंदकाला आत आणि बाहेर अशा दोनच बाजू. आमच्या धार जिल्ह्यात जानेवारी २०००मध्ये ‘ज्ञानदूत’ सुरू झालं होतं. गावोगावी संगणकाची केंद्रं, नाव ‘सूचनालय’, चालवणारा ‘सूचक’. जमिनीच्या कागदाची नक्कल, मंडीतले भाव, कलेक्टरकडे तक्रार, सगळं तिथून. त्याच वर्षी त्याला स्टॉकहोमचा पुरस्कारही मिळाला. (हिंदीत सूचना म्हणजे माहिती. आमचे आजोबा शेवटपर्यंत विचारत राहिले, ‘तिथे मला सूचना देणारा हा कोण?’) पण बघा, टेलिफोनची लाइन आणि वीज असली तर संगणक चालणार, सूचक जागेवर असला तर काम होणार, आणि बाईमाणसाचं काम कुणी पुरुष तिकडे गेला तर. ती खंदकाच्या आत की बाहेर?

आजही तेच. माझ्याकडे पोळ्यांना येतात त्या मावशींच्या घरी स्मार्टफोन आहे, म्हणजे सरकारी मोजणीत घर ‘जोडलेलं’. फोन असतो मुलाच्या खिशात. लॉकडाउनमध्ये धाकटीचा वर्ग तो कामावरून आल्यावर, रात्री. रिचार्ज संपलं की तोही बंद. म्हणून मी ‘उतरंड’ म्हणेन. एकावर एक मडकी, सगळ्यांत तळाच्या मडक्यावर सगळ्यांचा भार, आणि त्यात हात घालायचा तर वरची सगळी उतरवावी लागतात.

सुदामानगर: उतरंड म्हटलं की जातीची आठवते.

धारची माहेरवाशीण: आठवू दे की. रात्री नऊला फोन कुणाच्या वाट्याला येतो ते बघा.

लोकमान्यनगरचे काका: खंदक मागे घेतो. पण ‘डिजिटल उतरंड’ म्हणजे वाचणाऱ्याला आधी समजावून सांगावं लागेल.

रामबागवाली: मग मथळ्यात दरी, आणि ताईंचा मडक्यांचा परिच्छेद आत, त्यांची परवानगी असेल तर. आईला विचारलं, तिला उतरंड एकदम आवडला. म्हणाली, हल्लीच्या पोरींनी कधी पाहिली तरी आहे का?

सुदामानगर: मसुदा पाहिला. दुसऱ्या ओळीत ‘गरीब वस्त्यांना इंटरनेटची पोच नाही’ लिहिलंयस. हिंदीतली ‘पहुँच’ सरळ उचललीस ना? मराठीत एखाद्याला ‘पोच नाही’ म्हणजे समज नाही. वस्तीतली माणसं अंगावर येतील.

रामबागवाली: अरे देवा. ‘मिळत नाही’ केलं.