कॅन्सर झालाय हे आधी कुणाला सांगायचं, पेशंटला की पोराला?

मलप्रभाकाठ (खानापूर)
कॅन्सरचं निदान झालं की आपल्याकडे पेशंटला बाहेरच्या बाकड्यावर बसवतात आणि पोराला किंवा जावयाला आत बोलावतात. हे बंद व्हायला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. असं सगळीकडेच चालतं, पण आपल्या सीमाभागात त्यात आणखी एक अडचण आहे. डॉक्टर बऱ्याचदा कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत बोलतात, सहीचा कागदही त्याच भाषांत असतो, आणि जांबोटीकडच्या म्हातारीला मराठीशिवाय काही येत नाही. मग मुलगाच दुभाषी होतो. त्याने जे गाळलं ते तिच्यापर्यंत कधीच पोचत नाही आणि डॉक्टरला वाटतं आपलं सांगून झालं.

२००८ साली समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पेशंट सज्ञान असेल आणि जीवावरचा तातडीचा प्रसंग नसेल, तर तिच्याऐवजी आईने दिलेली संमती चालत नाही. उपचार कोणता, पर्याय काय, धोके कोणते, नाही घेतला तर काय होईल, हे सगळं पेशंटला कळलं पाहिजे. आपल्या तालुक्यातल्या बाईला हा हक्क का नसावा?

वेदगंगा_निपाणी
कोर्टाचं कोर्टापाशी राहू द्या. माझे वडील तंबाखूच्या वखारीत जन्मभर राबले. निपाणीत तोंडाचा कॅन्सर म्हटलं की माणूस आधी गल्लीत कोण कोण गेलं ते मोजतो. वडिलांना आम्ही ‘जखम चिघळलीय, शेक द्यावा लागतोय’ एवढंच सांगितलंय, शेक म्हणजे रेडिएशन. ते जेवतात, संध्याकाळी कट्ट्यावर जातात. खरं सांगितलं तर दुसऱ्या दिवसापासून अन्न सोडतील, मला माझा बाप माहीत आहे. आणि डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतसुद्धा पेशंट, नातेवाईक किंवा जबाबदार मित्र यांना आजाराची कल्पना असावी, पेशंटचं आणि घरच्यांचं हित बघावं, असंच आहे. मग घरच्यांनी सांभाळून घेतलं तर गुन्हा कसला?

मलप्रभाकाठ (खानापूर)
त्याच कलमात त्याच्या आधीचं वाक्यही आहे: आजाराचं गांभीर्य फुगवूही नये आणि कमीही करून सांगू नये. ‘जखम चिघळलीय’ हे कशात बसतं?

शहापूरची_नर्स
वेदगंगा, तुमच्या काळजीबद्दल मला शंका नाही, पण वॉर्डातली गोष्ट ऐका. केमो दिली की साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप कमी होतात. तेव्हा १००.४ फॅरनहाइटचा ताप म्हणजे तडक दवाखाना, रात्र असली तरी. ‘ताकदीची सलाईन लावली’ असं सांगितलेला पेशंट काय करतो? क्रोसिन घेऊन झोपतो. पोरगा कामावर, सून शेतात. सकाळपर्यंत जंतुसंसर्ग अंगभर पसरलेला असतो.

तोंडाला शेक देणार असतील तर आधी दात तपासून खराब दात काढून घेतात, कारण नंतर काढला तर जबड्याचं हाड सडायचा धोका असतो. हे न कळलेला माणूस दोन वर्षांनी दाढ दुखली म्हणून कुठेही जाऊन काढून येतो. आणि आजार माहीतच नसेल तर मिश्री का सोडेल? हे सगळं त्याच्या शरीराला भोगायचंय, पोराच्या नाही.

चिकोडीचा_डॉक्टर
दोन्ही बाजू रोज बघतो. ओपीडीच्या रांगेत एका पेशंटला मिळतात मोजकी मिनिटं. तेवढ्यात कॅन्सर झालाय म्हणायचं आणि पुढचा नंबर पुकारायचा, हे क्रूर आहे. ‘पेशंटला सांगा’ म्हणणाऱ्यांनी वेळ आणि समुपदेशकही मागावा. शिवाय सगळ्यांना सगळं ऐकायचंच असतं असं नाही. २००० साली मांडलेल्या ‘स्पाइक्स’ या सहा पायऱ्यांच्या पद्धतीत सांगण्याच्या आधीची पायरीच ही आहे की तुम्हाला किती जाणून घ्यायचंय ते पेशंटला विचारा. ‘मुलाशी बोला’ असं त्यांनी म्हटलं तर मी मुलाशीच बोलेन. पण ते पेशंटच्या तोंडून यायला हवं. आणि विचारायची वेळ बायोप्सीच्या दिवशी. रिपोर्ट आल्यावर सगळेच घाबरलेले असतात.

काकती_कडची
मी स्वतः पेशंट आहे, स्तनाचा. घरच्यांनी लपवलं होतं. पण टाटाला नेल्यावर आजूबाजूचे सगळे कॅन्सरचेच, मला कळणार नाही काय? महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, तिचे कागद करताना तर आजाराचं नाव लिहावंच लागतं. मला त्रास झाला तो आजाराच्या नावाचा नाही. सगळ्यांना माहीत आणि माझ्यासमोर सगळे गप्प, त्याचा झाला. रात्रभर एकटीनेच विचार करायचा, आणि कुणाला विचारलं तर ‘काही नाही गं’.

मला जाणून घ्यायचं होतं ते वेगळंच. भाकरी थापायला त्या बाजूचा हात कधी चालेल? माझ्या लेकीने तपासून घ्यायचं काय? आंबट खाऊ की नको? यावर डॉक्टर ‘काहीही खा’ म्हणून उठले. मग शेजारणीने झाडपाल्यावाल्याचा पत्ता दिला. लोक तिकडे का जातात ते डॉक्टरसाहेबांनी लक्षात घ्यावं. किती वर्षं उरलीत हे मात्र मी विचारलं नाही, आणि कुणी आपणहून सांगितलेलं मला चाललं नसतं.

वेदगंगा_निपाणी
काकती, तुमचं वाचून वाईट वाटलं. तापाचं आणि दाताचं वडिलांना सांगतो. शेक कशावर आहे हे नाही सांगणार.

मलप्रभाकाठ (खानापूर)
आणि त्यांनीच सरळ विचारलं तर?

वेदगंगा_निपाणी
तर बघू. अजून विचारलं नाही त्यांनी.

शहापूरची_नर्स
बहुतेक त्यांना कळलंय आणि ते तुम्हालाच जपतायत, असं मी किती घरांत बघितलंय. विचारलं तर खोटं बोलू नका, ‘पुढच्या वेळी डॉक्टरांना मिळून विचारू’ म्हणा. आणि त्या दिवशी दुभाष्याचं काम तुम्ही करू नका. वॉर्डात मराठी येणारी कुणीतरी सिस्टर असतेच, तिला बोलावून घ्या, म्हणजे वडिलांना जे विचारायचंय ते तुमच्या तोंडाकडे न बघता विचारता येईल.