अनुभव धागा: मोठी गाडी, अरुंद रस्ते आणि आखलेला मार्ग

सागरवाट
काल माळा आवरताना बागमांडला-वेसवी फेरीबोटीचं तिकीट सापडलं आणि ती अख्खी सहल डोळ्यांसमोर उभी राहिली. ट्रॅव्हलर गाडीत बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी बसवून घेतली होती. आई-बाबा, आम्ही दोघं आणि लेक. कोकणात रेवसपासून रेडीपर्यंत समुद्राकाठाने उतरायचं ठरवलं होतं. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या चार खाड्या फेरीबोटीने, बाकी रस्त्याने. रोजचे दीडशे किलोमीटर धरले होते. साठ झाले तरी थकून जायचो.

केळशीहून आडेमार्गे आंजर्ल्याला निघालो. दोन्ही अंगांना जांभ्याचे गडगे, वर फणसाची फांदी, समोरून पिकअप. बाबा खाली उतरून वाट दाखवत होते. शेवटी पिकअपवाल्यानेच आपली गाडी पार मागच्या वळणापर्यंत नेली. जाताना म्हणाला, "पुढं एसटी जाते का ते आधी विचारायचं, मग गाडी घालायची." त्यानंतर रोज संध्याकाळी मी टपरीवर तेवढंच विचारायचो. एसटी जाते म्हणजे वरच्या फांद्या तिनेच छाटलेल्या असतात, वळणं निघतात आणि शेवटी गाडी फिरवायला जागा असते.

आता बाबा नाहीत. आईला पुन्हा जायचंय, दिवाळीनंतर. या वेळी नीट आखायचंय. तुम्ही काय काय बघून ठेवता, लिहा.

दुपारचा_चहा
एसटी फिरते ती जागा रिकामी दिसली म्हणून रात्री तिथेच गाडी लावू नका!! आम्ही लावली होती. मुक्कामाची गाडी तिथेच वळते. पहाटे साडेपाचला कंडक्टर काचेवर टकटक करत उभे. माझी दोन्ही पोरं झोपेत, नवरा चावी शोधतोय. एसटीत बाजाराला निघालेल्या मावश्या बसलेल्या. कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही, उलट एकीने खिडकीतून पोरांना केळी दिली. आजही आठवलं की जीव खालीवर होतो. तेव्हापासून देवळाच्या किंवा शाळेच्या पटांगणात, विचारून.

घाटमाथा
मुळात घाटावरून खाली कोकणात उतरणार कुठून? मोठी गाडी असेल तर आंबा किंवा कुंभार्ली. आंबेनळी, वरंध टाळा. गगनबावड्याला दोन फाटे फुटतात, करूळ आणि भुईबावडा, त्यातला भुईबावडा जास्त अरुंद. आणि घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियम आहे, हल्ली कोणी पाळत नाही याचं फार वाईट वाटतं. भरलेली गाडी चढावर थांबवून पुन्हा उचलायची म्हणजे काय ते चालवणाऱ्यालाच ठाऊक.

निळी_छत्री
बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं सागरवाट. माझे वडीलही असेच खाली उतरून हात दाखवायचे. "येऊ दे, येऊ दे, बस्स." बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

उत्तरेकडून
मी स्कॉटलंडमध्ये असतो. इथे नॉर्थ कोस्ट ५०० म्हणून ५१६ मैलांची फेरी आहे, २०१५ पासून फार गर्दी झालीय. बराचसा रस्ता एकपदरी, मध्ये मध्ये गाडी बाजूला घ्यायला रुंद केलेले तुकडे, त्यांना पासिंग प्लेस म्हणतात. तो तुकडा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरायचं, उजव्या हाताला असेल तर त्याच्यासमोर रस्त्यावरच थांबायचं. तिथे मुक्काम मात्र करायचा नाही. मागून कोणी खोळंबलं असेल तर त्यालाही पुढे जाऊ द्यायचं.

ॲपलक्रॉसला जाणारी ब्यालाख ना बा ही खिंड ६२६ मीटरवर आहे. नावाचा अर्थच गुरांची खिंड. पायथ्याला फलक आहे, शिकाऊ चालक, फार मोठ्या गाड्या आणि कॅराव्हॅन यांनी पुढे जाऊ नये. आम्ही मागे जोडलेली कॅराव्हॅन घेऊन तिथवर पोचलो आणि फलक वाचून परतलो, शील्डेगच्या बाजूच्या किनाऱ्याच्या रस्त्याने गेलो. बायको नाराज होती. पण जोडगाडी मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, ते दरीच्या कडेला शिकायची माझी तयारी नव्हती. तुमची सलग गाडी आहे, तेवढं सोपं.

घाटमाथा
@उत्तरेकडून तिकडे समोरचा खरंच थांबतो का?

उत्तरेकडून
थांबतो, आणि हातही करतो. आपणही करायचा.

वेळणेश्वरी
आरे-वारेचा किनाऱ्याचा रस्ता संध्याकाळी करा. बाकी काही नाही.

खाडीपलीकडे
फेरीबोटीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ट्रॅव्हलरचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे येतो. ओहोटीला बोट खाली लागते, धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांत कोन पडतो आणि शेपूट घासतं. माझ्या पाण्याच्या टाकीचा खालचा नळ असाच तुटला, सगळं पाणी धक्क्यावर. भरतीच्या आसपास चढा-उतरा. कोळी लोकांचा हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून सहा तासांनी ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, पण आखणीला पुरतं.

दुपारचा_चहा
हे फारच भारी आहे, वहीत लिहून घेतलं.

पाट_पाणी
शिमग्यात अजिबात नको. पालखी घरोघर फिरते, रस्ता तिचा. आम्ही दोन तास थांबलो, मग गाडीतून उतरलोच, पालखी नाचवली, जेवूनच पाठवलं त्यांनी. म्हणजे खरं तर शिमग्यातच जा, पण त्या दिवशी मुक्काम तिथेच धरा. आणि एप्रिल-मेमध्ये रात्रीचं चालवू नका, आंब्याच्या पेट्यांच्या गाड्या घाईत असतात.

निळी_छत्री
आले परत. आंजर्ल्याहून हर्णैला जाताना पाजपंढरीत रस्ता अगदी दारांतून जातो. सकाळी मासळीची गडबड असते. दुपारी जा, एकाने पुढे चालत राहा. आणि काकूंना कड्यावरच्या गणपतीला न्या.

सागरवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. रोजचे पन्नासच किलोमीटर धरतोय आता. नळ वर उचलून घेणार. भरतीचा हिशोब आईला वाचून दाखवला तर म्हणाली, हे तर माझी आजी करायची. इतकी वर्षं होऊन गेली, मला हे आज कळतंय. आत्ता कालनिर्णय मांडीवर घेऊन बसलीय. पंचमीला दाभोळ धरूया म्हणते, पावणेचारला भरती.

वेळणेश्वरी
म्हणजे धोपाव्याला उतरून गुहागरला दिवस असतानाच पोचाल. चालतंय.

पाट_पाणी
हर्णैला सुके बोंबील घेणार असाल तर डबा घट्ट झाकणाचा न्या, गाडीत झोपायचंय तुम्हाला