चर्चा : पुढचे जहाज येईपर्यंत मूल कोणाच्या हाती? निकोबारमधील बालसंरक्षण कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण

मृणाल

२०११ च्या जनगणनेनुसार निकोबार जिल्ह्याची लोकसंख्या ३६,८४२ आहे. उत्तरेला कार निकोबार, मध्ये चौरा, तेरेसा, कमोर्टा, कचाळ आणि दक्षिणेला ग्रेट निकोबार अशी ही वस्ती विखुरलेली आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत समुद्र खवळला की लहान बेटांवरून निघणे जहाज आणि हेलिकॉप्टर यांच्या उपलब्धतेवर अवलंबून राहते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३१ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर, म्हणजे अशा बालकांविषयी निर्णय घेणाऱ्या वैधानिक समितीसमोर, हजर करावे लागते. प्रवासाचा वेळ त्यातून वगळलेला आहे. मुख्य भूमीवर हा वगळलेला वेळ काही तासांचा असतो, तर चौऱ्यासारख्या बेटावर तो पुढच्या जहाजापर्यंत लांबू शकतो. त्या काळात मूल ज्या प्रौढ व्यक्तीच्या हाती असते तीच त्या बेटावरची बालसंरक्षण कर्मचारी, मग तिचे पद काहीही असो. म्हणून प्रशिक्षणाचा पहिला हक्क अंगणवाडी सेविका, परिचारिका, शिक्षक आणि गावचे कॅप्टन (निकोबारी गावांचे प्रमुख) यांचा आहे आणि ते त्यांच्या बेटावर, त्यांच्या भाषेत झाले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. निवडक लोकांना अंदमान-निकोबारच्या राजधानीत बोलावून दोन दिवस हिंदीतून व्याख्याने ऐकवण्याने हे साधणार नाही.

सदानंद

मृणालताई, आपली तळमळ समजते, पण आपण सुचवता तो मार्ग मला धोक्याचा वाटतो. लहान बेटावर तक्रार करणारा, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आणि तक्रार ऐकणारा हे तिघेही एकमेकांच्या नात्यातले असतात. निकोबारमध्ये ‘तुहेत’ हे विस्तारित कुटुंब जमीन, नारळाच्या बागा आणि डुकरे सामाईक बाळगते. आरोप त्या तुहेतच्या वडीलधाऱ्यावर असेल, तर त्याच तुहेतमधली सेविका काय करील?

प्रशांत महासागरातील पिटकेर्न या ब्रिटिश बेटाचा इतिहास इथे डोळ्यांआड करता येणार नाही. तेथील लोकसंख्या पन्नासच्या आसपास होती. मुलींवरील अत्याचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते आणि ते सर्वांना ठाऊक असूनही कोणी बोलत नव्हते. १९९९ मध्ये हे प्रकरण उघड झाले ते इंग्लंडमधील केंट पोलीस दलाची एक महिला अधिकारी तात्पुरत्या नेमणुकीवर तेथे असताना. २००४ मध्ये बेटावरच चाललेल्या खटल्यात सात पुरुषांपैकी सहा दोषी ठरले, आणि तेव्हाही बेटावरच्या काही स्त्रिया उघडपणे त्यांची बाजू घेत होत्या. त्यानंतर ब्रिटनने पोलीस अधिकारी आणि समाजकार्यकर्ता बाहेरून आणून नेमले. मुलांना बाहेरचा माणूस लागतो, हे तिथे फार मोठी किंमत मोजून कळले.

मृणाल

सदानंदराव, पिटकेर्नचे उदाहरण योग्यच आहे, पण ती अधिकारी तेथे वास्तव्याला होती म्हणून मुलींना तिच्याशी बोलता आले, हेही त्याच उदाहरणात आहे. तपासणीसाठी येऊन त्याच जहाजाने परतणाऱ्या माणसाला कोणती मुलगी काही सांगेल?

दुसरे असे की, सेविकेवर जबाबदारी टाकायची की नाही हा प्रश्न आता उरलेलाच नाही. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या कलम १९ ने गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक केले आहे आणि कलम २१ ने ती न दिल्यास सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली आहे. शिक्षेची तरतूद कार निकोबारच्या शेवटच्या गावाला लागू आहे. मूल बोलू लागले तर त्याला उलटसुलट प्रश्न विचारू नयेत, त्याचे शब्द त्याच्याच भाषेत जसेच्या तसे लिहून ठेवावेत, ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, एवढे तरी त्या बाईला आपण शिकवायला नको का? तपास तिने करावा असे मी म्हणतच नाही.

आरती (ब्रिस्बेन)

बाहेरून येणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचीही तितकीच गरज आहे, एवढे मला सांगायचे आहे. टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवर एका कुटुंबातले मूल नात्यातील दुसऱ्या कुटुंबाने कायमचे वाढवण्याची जुनी रीत आहे. तिला कायद्याची मान्यता मिळवण्यासाठी तेथील लोक अनेक वर्षे झगडले आणि क्वीन्सलँडच्या विधिमंडळाने २०२० मध्ये तसा कायदा केला. ही रीत ज्याला माहीत नाही, त्याला सुखरूप वाढणारे मूलही आईवडिलांनी टाकलेले वाटू शकते. तुहेतमध्ये वाढणाऱ्या मुलाबाबत असाच गैरसमज झाला आणि त्याला उचलून दूरच्या संस्थेत ठेवले, तर संरक्षणाच्या नावाखाली त्याचे घरच हिरावले जाईल.

विनायक

मी वकिली करतो, म्हणून दोन व्यावहारिक गोष्टी मांडतो. केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लैंगिक अत्याचारानंतर शरीरावरील नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात. हवामान बिघडले तर हे तास बेटावरच संपतात, त्यामुळे आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत, ते वाळवून कागदात ठेवावेत, हे जवळच्या माणसालाच ठाऊक हवे. येथे मी मृणालताईंच्या बाजूने आहे.

मात्र मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेची गावपातळीवरची रचना पंचायत गृहीत धरते, जशी आपल्याकडची ग्राम बाल संरक्षण समिती सरपंच आणि अंगणवाडी सेविका यांना धरून उभी आहे. निकोबारच्या आदिवासी क्षेत्रात पंचायत नाही. तिथे आदिवासी परिषद आणि कॅप्टन आहेत. आपल्याकडची पुस्तिका तिथे जशीच्या तशी वाटली, तर पहिल्याच पानावर अडचण येईल.

सदानंद

विनायकराव, नमुने जपण्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. कॅप्टनबाबत मात्र माझी शंका वाढलीच. गावातले तंटे मिटवणे हे कॅप्टनचे काम आणि अत्याचार हा मिटवण्याचा तंटा नव्हे. दंड घेऊन किंवा माफी मागवून प्रकरण गावातच संपले, तर आपणच प्रशिक्षण देऊन त्याला अधिकार बहाल केल्यासारखे होईल. शिवाय २०२० पासून समुद्राखालील इंटरनेटची केबल कार निकोबार, कमोर्टा आणि ग्रेट निकोबारपर्यंत पोहोचली आहे. तज्ज्ञ समुपदेशक पडद्यावरून मुलाशी थेट का बोलू नयेत?

मृणाल

ती केबल चौरा आणि तेरेसा येथे उतरलेली नाही. आणि जिथे उतरली आहे तिथेही, ज्या घरात मूल घाबरले आहे त्याच घरातल्या मोबाईलवर ते कसे बोलेल? त्याला पडद्यासमोर बसवण्यासाठी सुरक्षित खोली आणि विश्वासाचा माणूस आधी तिथे हवा. पॉक्सोच्या कलम २६ मध्ये दुभाष्याची तरतूद आहे. तो दुभाषा आरोपीच्या तुहेतमधला नसावा, हे ठरवायलाही तिथली नाती जाणणारेच कोणीतरी लागेल.

कॅप्टनविषयीची आपली भीती मात्र मी प्रशिक्षणातच घालीन. असा गुन्हा गावबैठकीत मिटवता येत नाही, हे कॅप्टनला परिषदेच्या अध्यक्षांच्या तोंडून, इतर गावांच्या कॅप्टनांसमोर सांगितले जावे. प्रत्येक गावात दोन वेगवेगळ्या तुहेतमधल्या दोन स्त्रिया तयार कराव्यात, म्हणजे मुलाला निवड राहील आणि एकीवर दबाव आला तर दुसरी कळवू शकेल.

सदानंद

दोन तुहेतमधल्या दोघींची अट लेखी असेल आणि त्या दोघी गावात कोणाला न विचारता थेट जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवू शकत असतील, तर माझा विरोध पुष्कळ कमी होतो. तरीही बेटाबाहेरची एक महिला अधिकारी ठरावीक काळ प्रत्येक बेटावर मुक्कामाला राहिलीच पाहिजे, ही माझी मागणी कायम आहे, आणि तिच्या मुक्कामाचा खर्च प्रशिक्षणाच्या निधीतून कापला जाऊ नये.